सी-वनचे किती घ्याल, मॅडम?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की जीर्ण इमारतींना नोटिसा गेल्याची बातमी तुमच्या अंकात येते. यंदाही आली. तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: मालकांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. त्यापुढचं तुमच्या वाचकांना कळत नाही, कारण ते माझ्यासारख्यांच्या फोनवर घडतं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि एकोणीस वर्षांपासून इमारती तपासण्याचा धंदा करते. नागपूरच्या प्रतापनगरात एक खोली, एक ज्युनिअर मुलगी, एक मिस्त्री, चार यंत्रं आणि एक शिडी, एवढा संसार. ‘कन्सल्टन्सी’ हा शब्द व्हिजिटिंग कार्डावर बरा दिसतो. प्रत्यक्षात दिवसभर लोकांच्या संडास-बाथरूमच्या छताखाली मान वर करून उभं राहायचं काम आहे.

मागच्या जूनमधल्या एकाच आठवड्यातले तीन फोन सांगते. पहिला इतवारी भागातल्या एका घरमालकाचा. नमस्कार नाही, नाव नाही. “सी-वनचे किती घ्याल, मॅडम?” ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी: धोकादायक इमारतींची सी-१, सी-२ अ, सी-२ ब आणि सी-३ अशी वर्गवारी असते. सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, रिकामी करून पाडा. सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-२ ब म्हणजे लोकांना न हलवता दुरुस्त करा, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तर मालकाला सी-१ हवी होती, म्हणजे खालचे चार जुने भाडेकरू निघतात. दोन दिवसांनी त्याच इमारतीतल्या दुकानदाराचा फोन. आजोबांपासूनचं दुकान. “फी तुम्ही म्हणाल ती, फक्त सी-थ्री येईल का तेवढं सांगा.” तिसरा एका शाळेच्या संस्थेतून. त्यांनी व्हॉट्सअॅपवर सहा फोटो पाठवले, त्यांतल्या दोन फोटोंत झेंडावंदन चाललं होतं, आणि चार वाजेपर्यंत ‘इमारत सुस्थितीत आहे’ असं पत्र मागितलं. तिघांनीही निकाल आधी सांगितला, इमारतीचा पत्ता नंतर.

माझी तक्रार महापालिकेबद्दल कमी आणि या व्यवहाराबद्दल जास्त आहे. रक्ताचा रिपोर्ट काय यावा हे पेशंट लॅबवाल्याला आधी सांगत नाही. इमारतीच्या बाबतीत मात्र ज्याला निकालाचा फायदा तोच तपासणारा निवडतो, तोच भाव पाडतो आणि तोच पैसे देतो.

भावाचं ऐका. मनीषनगर भागातल्या एका फ्लॅट स्कीमने मला मीटिंगला बोलावलं होतं. चोवीस फ्लॅट, खाली पार्किंग, ताबा १९९४ चा. मी बहात्तर हजारांचं कोटेशन दिलं. दुसऱ्या एकाचं नऊ हजारांचं होतं. बँकेतून रिटायर झालेले एक काका हिशेबाचे पक्के. म्हणाले, “मॅडम, त्रेसष्ट हजारांचा फरक कशाचा आहे, तेवढं समजावून सांगा. आम्ही काही अडाणी नाही.” मी वीस मिनिटं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, गरम सांबारवडी खाऊ घातली आणि नऊ हजारवाल्याला काम दिलं. त्याने काय केलं ते नंतर तिथल्या चौकीदाराने सांगितलं. अकरा वाजता आला, पार्किंगमधल्या खांबांवर चालता चालता हातोडी दाबली, मोबाइलवर फोटो काढले, सव्वाबाराला गेला. गच्चीची चावी मागितलीच नाही.

त्या ‘हातोडी’बद्दल थोडं लिहिते, कारण नऊ हजारांचा सगळा खेळ तिच्यावर आहे. तिला रिबाउंड हॅमर म्हणतात. काँक्रीटवर दाबली की आतला दांडा आपटून मागे उसळतो आणि किती उसळला यावरून पृष्ठभाग किती टणक आहे याचा अंदाज येतो. पृष्ठभागच फक्त. त्यासाठीही आधी प्लास्टर काढावं लागतं, जागा घासावी लागते. प्लास्टरवर मारलेली हातोडी प्लास्टरचा आकडा देते. त्याहून फसवी गोष्ट अशी की हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरतो तेव्हा वरचा थर आणखी कडक होतो. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत हातोडी आधीपेक्षा चांगला आकडा दाखवते, आणि नेमकं त्याच काळात आतल्या लोखंडाचं संरक्षण संपत आलेलं असतं. नव्या काँक्रीटमधला अल्कलीपणा सळईला गंजू देत नाही. कार्बन मुरत मुरत सळईपर्यंत पोचला की ते कवच जातं. त्यानंतर पाणी मिळालं की गंज, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. तो आतून काँक्रीट फोडतो. लोक म्हणतात पोपडा पडला.

हे मी पुस्तकातून शिकले होते तरी एकदा चुकलेच. धंद्याचं तिसरं वर्ष. दोन मजली घर, मालकीणबाई एकट्या, पैसे कमी. मी नुसत्या हातोडीच्या आकड्यांवर ‘समाधानकारक’ लिहून सही केली. दोन वर्षांनी रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बीमचा खालचा भाग ओट्यावर कोसळला. शेगडी चेपली. बाई झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांनी मला एका शब्दाने बोललं नाही, उलट चहा केला, दुसऱ्या शेगडीवर. तेव्हापासून माझ्या पिशवीत फिनॉल्फ्थॅलीनची स्प्रे बाटली असते. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडायचा आणि फवारा मारायचा. निरोगी काँक्रीट क्षणात राणी रंगाचं होतं. कार्बन मुरलेलं जसंच्या तसं राखाडी राहतं. सळईच्या बाजूला रंग आला नाही तर हातोडी काही का म्हणेना, मी ‘समाधानकारक’ हा शब्द लिहीत नाही. बाटलीतलं औषध स्वस्त आहे. महाग आहे ते चाळीस ठिकाणी प्लास्टर फोडणं, पुन्हा भरून देणं आणि लोकांच्या ‘आमचा पेंट खराब केला’ला उत्तर देणं.

अल्ट्रासोनिकचंही तसंच. खांबाच्या दोन अंगांना ग्रीस लावून ध्वनिलहर आरपार पाठवायची आणि वेग मोजायचा. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली असला तर शंका. पण काँक्रीट ओलं असेल तर वेग उगाच जास्त येतो. नागपुरात भर पावसाळ्यात घेतलेल्या रीडिंगला पास करण्याआधी भिंत किती ओली होती ते विचारा. शिवाय कोअर, म्हणजे काँक्रीटचा आरपार गोल तुकडा, काढून लॅबमध्ये दाबून बघणं आहे. ते तर कोणालाच नको असतं, खांबाला भोक पाडायचं म्हटलं की घरातल्या आजी देव्हाऱ्यापाशी जाऊन बसतात.

आणि या सगळ्या यंत्रांच्या आधी आमचे मिस्त्री. पंचवीस वर्षं सेंट्रिंगचं काम केलेला माणूस. साधी लोखंडी हातोडी घेऊन छताला टक-टक करत जातात आणि मध्येच थांबतात. “मॅडम, हा पोकळ बोलून राह्यला.” तिथे खडूने गोल करायचा. संध्याकाळी छताकडे पाहिलं की गोलांचा नकाशा तयार असतो, आणि बहुतेक वेळा तो वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा किंवा गच्चीतल्या पाइपाचा नकाशा निघतो. इमारतीचा आजार शंभरातल्या नव्वद वेळा पाण्याचा असतो. (हा नव्वदचा आकडा माझा, अंदाजपंचे. कोणी अहवालात छापू नये.)

पाण्यावरून आठवलं. मुंबईचे लोक समुद्राच्या खाऱ्या हवेला दोष देतात. आपल्याकडे समुद्र नाही, आपल्याकडे कूलर आहे. मार्च संपता संपता अख्ख्या शहराच्या खिडक्यांना कूलर लागतो. कोणाचा लोखंडी घोडीवर, कोणाचा थेट छज्ज्यावर. जून अर्धा होईपर्यंत रोज ताटीतून, टाकीतून पाणी ठिबकतं. बऱ्याच घरी ते बोअरवेलचं जड पाणी असतं, छज्ज्यावर त्याचे पांढरे थर बसलेले खालून दिसतात. तीन महिने, वीस उन्हाळे. आणि छज्जा हा इमारतीचा सगळ्यात नाजूक अवयव आहे. तो एकाच बाजूने धरलेला असतो. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला पाहिजे, कारण ताण वर येतो. काँक्रीट टाकताना मजूर जाळीवर पाय देत फिरतात, सळई खाली दबते, वरून काँक्रीट पडलं की कोणाला काही दिसत नाही. अशा छज्ज्यावर भरलेल्या टाकीचा कूलर, शेजारी तुळशीच्या चार कुंड्या, आणि वरून रोजचं ठिबकणं. खोलीची स्लॅब पडण्याआधी बहुधा झोळ देते, पोपडे टाकते, माणसाला सावध करते. छज्जा आणि बाल्कनी न सांगता येतात. त्यांच्याखाली आपल्याकडे पानठेला असतो, स्कूटर असतात, शाळेच्या ऑटोची वाट बघणारी पोरं असतात.

उलट ज्या भेगांना घाबरून लोक मला बोलावतात त्या बहुतेकदा निरुपद्रवी निघतात. सगळ्यात वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात तिरकी भेग, गच्चीच्या कठड्यापाशी आडवी भेग. मे महिन्यात पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांत गच्चीची स्लॅब दिवसभर तापून पसरते, रात्री आखडते आणि खालची भिंत ओढली जाते. दिसायला भयंकर, उपाय सोपा. घाबरायचं ते खांबाच्या कडेने सरळ वरून खाली जाणाऱ्या केसाएवढ्या बारीक भेगेला. आत सळई फुगत असल्याची ती खूण असते. नेमक्या त्या भेगेवर लोक पुट्टी मारून घेतात, दिवाळीआधी.

गच्चीवर कोब्यावर कोबा हाही आपला छंद. गळलं की जुना न काढता वर नवा. रामदासपेठेतल्या एका इमारतीत फोडून बघितलं तर तीन थर निघाले, मिळून अकरा इंच. एका चौरस मीटरवर जवळपास अर्धा टन वजन, तेही ज्या स्लॅबचा हिशेब वाळवणं घालणाऱ्या चार बायका आणि एक पाण्याची टाकी धरून केलेला असतो तिच्यावर. गळती थांबली नव्हतीच. पाणी पाइपाच्या सांध्यातून येत होतं.

महालातल्या एका वाड्याचंही सांगते. मालकांनी आधीच्या कोणाचा तरी अहवाल दाखवला. त्यात ‘काँक्रीटची प्रत एम-२०’ असं लिहून हातोडीचे बारा आकडे दिलेले. त्या वाड्यात चमचाभर काँक्रीट नव्हतं. सागाचे खांब, तुळया, कडीपाट, चुन्यातल्या पातळ विटा. असा वाडा तपासायचा म्हणजे खांबाचा तळखड्यावर टेकलेला बुंधा टोकून बघायचा, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीने खाल्लं का ते बघायचं, आणि चुन्याच्या भिंतीवर कोणी हौसेने सिमेंटचं प्लास्टर चढवलंय का ते बघायचं, कारण त्याने भिंतीतली ओल आतच कोंडते. खांब ठणठणीत होते. वाडा मी सी-२ ब मध्ये टाकला. मालक नाराज झाले. अर्धी फी अजून यायची आहे.

कायदा कमी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं मालकावर आणि राहणाऱ्यावर बंधनकारक आहे. पूर्णत्वाचा दाखलाच नसेल तर? तीही पळवाट बुजवलेली आहे, निम्म्या बांधकामाचा ताबा दिल्यापासूनही वय मोजलं जातं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. पण नागपुरातल्या कितीतरी फ्लॅट स्कीम सोसायट्या नाहीतच. त्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्राचा दस्त, करून उभ्या राहिल्या, असोसिएशन कागदावर राहिली, आणि लिफ्ट बंद पडल्याशिवाय कोणी एकत्र येत नाही. नव्वदच्या दशकात धंतोली, धरमपेठ, रामदासपेठेत बंगले पाडून ज्या स्कीम झाल्या त्या आता एकामागून एक तिशी ओलांडत आहेत. म्हणजे येत्या काही वर्षांत ऑडिटची रांग लागणार, आणि नऊ हजारवाल्यांची चांदी होणार.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेची आठवण तर ताजी आहे. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. त्यानंतर महिनाभर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पायाखालची काळी माती फुगली असेल का, कुंपणाची भिंत का कलली, लोक खरोखर जाणून घ्यायला विचारत होते. निकाल आधी न सांगणारे ग्राहक मला एकोणीस वर्षांत एकगठ्ठा मिळाले ते त्या एका महिन्यात. दिवाळीनंतर पुन्हा पहिले पाढे.

कोणी म्हणेल, सही करणाऱ्यानेच ताठ राहावं. राहावंच. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, माणसं गेली. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्तीपुरता तो ठीक ठरवलेला होता. ऑडिटरला अटक झाली. त्या रात्री मी माझ्या जुन्या फायली काढून बसले होते, नवरा दोनदा जेवायला बोलावून गेला. पण अटकेच्या भीतीवर शहर चालवता येत नाही. नाही म्हणणाऱ्या इंजिनिअरला काम मिळत नाही आणि हो म्हणणाऱ्याला मिळतं, अशी आजची रचना आहे. माझ्याकडे शिकून गेलेला एक हुशार मुलगा आता टाइल्सच्या शोरूममध्ये आहे. त्याला दोष देत नाही.

म्हणून महापालिकेला आणि शहरातल्या आमदारांना तुमच्यामार्फत दोन-तीन गोष्टी सुचवते. तीस वर्षांवरच्या इमारतीची ऑडिट फी क्षेत्रफळानुसार ठरवून झोन ऑफिसात भरून घ्यावी आणि नोंदणीकृत इंजिनिअर पाळीने नेमावा. मालकाने निवडू नये, भाडेकरूनेही नाही. नुसतं प्रमाणपत्र स्वीकारूच नये. कोणत्या खांबावर कुठे प्लास्टर काढलं, तिथला आकडा काय, फवाऱ्याचा रंग आला की नाही, गच्ची पाहिली की नाही, हे तारखेच्या फोटोंसह जोडलेलं असेल तरच अहवाल समजावा. आणि तो अहवाल मालमत्ता कराच्या क्रमांकावर कोणालाही वाचता यावा. फ्लॅट विकत घेणारा माणूस आज मार्बल बघतो, वास्तू बघतो, दहा वेळा दिशा विचारतो. त्याला वाचायला काही ठेवलेलंच नाही. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध आले तर मुंबईत ते तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात. माझ्या अनुभवात आपल्याकडे मालक आणि भाडेकरू आपापला अहवाल घेऊन थेट कोर्टाची पायरी चढतात, आणि निकाल लागेपर्यंत इमारत तशीच उभी असते, माणसांसकट.

यात माझा स्वार्थ नाही असं कोणी समजू नये. पाळी लागली तर मलाही काम मिळेल. मात्र ठरलेली फी माझ्या बहात्तर हजारांपेक्षा कमीच असणार हेही मला माहीत आहे, आणि तेवढ्यात बसवायला मिस्त्रींना आणि मला घाम गाळावा लागेल.

इतवारीच्या त्या इमारतीचं पुढे काय झालं, ते राहिलं. मी दोघांनाही नाही म्हटलं. मागच्या महिन्यात तिथून गेले तर दुकान चालू होतं, वरच्या मजल्यावर कुलूप होतं, आणि समोरच्या छज्ज्यावर नवा कूलर बसवलेला होता. पाणी दुकानाच्या पाटीवर ठिबकत होतं.

कृपया माझं नाव छापू नये. मनीषनगरच्या त्या स्कीममधून परवा पुन्हा फोन आला आहे. तिसऱ्या मजल्यावर पोपडे पडायला लागले आहेत, आणि काका म्हणतात, “मॅडम, थोडं कमी करता येईल का?”

आपली,
एक वाचक, स्ट्रक्चरल इंजिनिअर
प्रतापनगर, नागपूर